चौथं नाव

"विष्णू," इंदिराबाई म्हणाल्या.

"माधवानंतर एकदम विष्णू?" दिवाणावर उताणे पडलेले गोविंदगुरुजी म्हणाले. त्यांचा डावा पाय सरळ ताठ, वीतभर वर उचललेला होता आणि तळपायापासून मांडीपर्यंत थरथरत होता. "मधलं एक नाव कुणाच्या घशात गेलं?"

"पाय वर धरा. बोलू नका. मधुसूदन."

"अगं, पण नऊच होतात मग. तेजश्रीने दहा सांगितलेत."

"शेवटी एक पद्मनाभ जास्तीचा म्हणते. झाले दहा. त्रिविक्रम, वामन…"

गुरुजींना हसू आलं आणि हसण्याच्या नादात पाय धपकन खाली आला. गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कमरेत. इंदिराबाईंनी उशाखालची घडी केलेली पंच्याची गुंडाळी काढून पुन्हा गुडघ्याखाली सरकवली आणि दुसऱ्यांदा केशवापासून सुरुवात केली.

हा मोजण्याचा प्रकार गुरुजींनीच काढला होता. घरी येऊन व्यायाम शिकवणारी तेजश्री म्हणाली होती की पाय उचलून दहा सेकंद धरायचा, फोनवर गजर लावा. गुरुजी म्हणाले, शिट्टी झाली की खाली उतरायला मी काय कुकर आहे? मग संध्येतली चोवीस नावं कामाला आली. केशव ते हृषीकेश, सावकाश म्हटलं की बरोबर दहा सेकंद. अडचण एकच होती. त्या यादीत चौथं नाव गोविंद. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, उखाणा सोडला तर इंदिराबाईंनी ते नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं. समोरच्या इमारतीच्या रखवालदाराचं नाव गोविंद, तर त्यालाही त्या "अहो भाऊ" म्हणत.

या चौथ्या नावावर गुरुजींचा एक ठेवणीतला विनोद होता. आचमन करताना पहिल्या तीन नावांना पळीभर पाणी प्यायचं असतं आणि चौथ्याला ते हातावरून ताम्हनात सोडायचं. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, अस्थी घेऊन आलेल्या माणसांना आचमन शिकवताना ते म्हणत, "तीन नावांचं प्यायचं, चौथ्याचं सोडायचं. माझं नाव चौथं. माझ्यावर आईबापांनी बारशालाच पाणी सोडलंय." दोनच दिवसांपूर्वी बाप गेलेला माणूसही यावर ओठ जरा सैल करी. रडक्या माणसाला हसवता येतं याचा गुरुजींना मंत्रांपेक्षा जास्त अभिमान होता.

आता घाटावर हा विनोद कुणी करत नव्हतं. त्यांच्या जागेवर सोमनाथ बसत होता, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तात्पुरता, असं सगळे म्हणत.

आषाढात गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. डॉक्टरांनी सुईने पाणी ओढून काढलं आणि सांगितलं, हाडाचं काही नाही, वाटीवर एक पातळ पिशवी असते, ती सुजते. सारखा गुडघा टेकवणाऱ्यांना होतं. फरशी बसवणाऱ्यांना होतं, फरशी पुसणाऱ्या बायकांना होतं. तुम्ही काय करता?

"मी लोकांच्या बापांना पाणी पाजतो," गुरुजी म्हणाले.

ते खरंच होतं. पितरांचं काही करायचं तर डावा गुडघा जमिनीला टेकवून बसायचं. देवांना उजवा, पितरांना डावा. यजमानाला हे कधी आयुष्यात माहीत नसतं, म्हणून गुरुजी दर वेळी आधी स्वतः टेकवून दाखवत. दगडी पायरीवर, सकाळपासून दहा-बारा वेळा, चाळीस वर्षं. हा नियम त्यांच्या इतका अंगात मुरला होता की घरातही त्यांची नजर लोकांच्या गुडघ्यांवर असे. त्यांचा मुलगा देवव्रत शाळेत जाताना बुटाची नाडी बांधायला खाली बसे आणि डावा गुडघा टेकवी, की हे आतून ओरडत, "उजवा! जिवंत माणसापुढे डावा टेकवायचा नाही." पोरगं वैतागून गुडघा बदली. पुढे त्याने बिनानाडीचे बूट घ्यायला लावले.

तेजश्री आठवड्यातून दोनदा येई. पोरगी हसतमुख होती. तिने व्यायामाचा कागद फ्रिजवर चुंबकाने लावून दिला: गुंडाळी दाबणे, पाय सरळ उचलणे, टाच सरकवणे, सकाळ-संध्याकाळ.

"आणि काका, खाली बसायचं नाही. मांडी नको, उकिडवं नको. गुडघा टेकवणं तर अजिबातच नको."

"अष्टमीपर्यंत टेकवता येईल?"

"कसली अष्टमी?"

"पितृपक्षातली. माझ्या वडिलांची तिथी. चाळीस वर्षांत चुकलेली नाही."

"छान चालायला लागाल तोपर्यंत," तेजश्री म्हणाली.

विचारलं एक आणि उत्तर आलं दुसरं, हे गुरुजींच्या लक्षात आलं. अशी उत्तरं देण्यात त्यांचीही हयात गेली होती. तरी त्यांनी मनाशी हिशेब केला. अजून सहा आठवडे. केशव ते हृषीकेश, पंधरा वेळा सकाळी, पंधरा वेळा संध्याकाळी. एका दिवसापुरता, एका घटकेपुरता हा गुडघा जमिनीला लागला की झालं. मग तो कायमचा गेला तरी चालेल. एवढंच त्यांना हवं होतं, आणि एवढं मिळायला काही हरकत नसावी असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

श्रावण संपता संपता दिंडोरीकडच्या रंगनाथचा फोन आला. द्राक्षबागवाला माणूस, साठीचा, भारदस्त. गेल्या वर्षी आईच्या तिथीला आला होता.

"गुरुजी, यंदा कधी येऊ?"

गुरुजींनी सांगितलं की ते स्वतः घाटावर नाहीत, सोमनाथ आहे, तो सगळं नीट करेल. मग म्हणाले, "रंगनाथ, तुमचा गुडघा कसा आहे?"

"हाय तसाच. का?"

"सोमनाथला सांगून ठेवतो. तुम्ही खुर्चीवर बसून करा. चालतं."



"चालतं?" रंगनाथ म्हणाला. "मंग मागल्या साली काय झालं व्हतं?"

गुरुजींनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मागल्या साली काय झालं होतं ते त्यांना पक्कं आठवत होतं. हा एवढा मोठा माणूस पायरीवर हात टेकून म्हणाला होता, "नाय टेकत गुरुजी, लय दुखतंय." मागे चार घराणी खोळंबली होती. गुरुजी म्हणाले होते, "आईपेक्षा गुडघा मोठा का? शास्त्राला गुडघेदुखी ठाऊक नाही." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तो दाबला होता. अगदी थोडासाच दाबला होता. रंगनाथच्या डोळ्यांतून पाणी आलं ते आईच्या आठवणीने आलं असं ते तेव्हा धरून चालले होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"जाऊ द्या गुरुजी. टेकला तर व्हता मी." आणि मग, मन दुखवायला नको म्हणून, "तुमची तब्येत सांभाळा."

त्या दिवशी संध्याकाळी इंदिराबाई नऊ नावं आणि वर एक पद्मनाभ म्हणत राहिल्या, आणि गुरुजींनी एकदाही त्यांना टोकलं नाही.

अष्टमीला आठ दिवस उरले तेव्हा इंदिराबाई दुपारच्या भजनाला गेल्या. देवव्रत त्याच्या खोलीत दार लावून, कानांवर ते मोठे हेडफोन चढवून ऑफिसचं काम करत होता. गुरुजींनी गोधडीची चार पदरी घडी घातली, दक्षिणेकडे तोंड केलं आणि दिवाणाचा कठडा धरून डावा गुडघा हळूहळू खाली नेला. गोधडी लागली. त्यांनी श्वास सोडला. केशव, नारायण, माधव. गोविंदला कपाळावर घाम आला. विष्णू, मधुसूदन. ते मोजत राहिले. हृषीकेशपर्यंत पोचले, आणि कुणी नव्हतं म्हणून स्वतःशीच म्हणाले, "टेकला की!" साठी उलटून चार वर्षं झालेला माणूस गोधडीवर गुडघा टेकवून लहान पोरासारखा खूश झाला होता.

मग त्यांना उठता येईना.

कठड्याला धरून पाहिलं, हातावर भार देऊन पाहिलं, कुशीवर कलंडून पाहिलं. गुडघ्यात कुणीतरी दाभण घालून ठेवलं होतं. हाक मारावी तर हेडफोन. आणि हेडफोन नसते तरी त्यांनी मारली नसती. चाळीस वर्षं दुसऱ्यांना "उठा आता" म्हणणारा माणूस, कुणाला काय सांगणार? समोर खिडकीतून गंगापूर रोडवरची रहदारी ऐकू येत होती. येत्या सिंहस्थासाठी घाटांची कामं निघाली आहेत असं सोमनाथ म्हणाला होता. मागच्या सिंहस्थाला गुरुजींना जेवायला सवड नव्हती. याच्या पुढचा येईल तेव्हा ते शहात्तर वर्षांचे असतील. बसल्या बसल्या त्यांनी हे सगळं मोजलं, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

देवव्रत चहा करायला बाहेर आला तेव्हा पाऊण तास झाला होता.

"बाबा! काय करताय खाली?"

"काही नाही. रुद्राक्ष घरंगळला होता."

देवव्रतने गोधडीची घडी पाहिली, दक्षिणेकडे वळलेलं तोंड पाहिलं. काखेत हात घालून त्याने वडिलांना उचललं आणि दिवाणावर बसवलं. उचलताना त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ते हलके निघाले, म्हणून तो क्षणभर तसाच धरून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी लिंबू परत आलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा पाणी काढलं आणि या वेळी गोडगोड बोलले नाहीत. "आता गुडघा टेकवणं हा विषय संपला, गुरुजी. या वर्षापुरता नाही, कायमचा. पुन्हा भरलं तर पिशवीच काढावी लागेल. व्यायाम चालू ठेवा, घरातल्या घरात हिंडाल-फिराल."

अष्टमीला सोमनाथ घरी आला. पाट स्टुलावर मांडला, आणि जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची त्याच्यापुढे ओढली.

"आपद्धर्म आहे, काका. मनात आणू नका."

"मी कुठे काय म्हणतोय?" गुरुजी म्हणाले आणि खुर्चीवर बसले. उंचावर बसून त्यांना सगळंच अनोळखी वाटत होतं. दर्भ लांब, भाताचे पिंड लांब, हात पुरेना. सोमनाथ मंत्र सांगत होता, त्यांचेच मंत्र, त्यांच्याच चालीवर. चांगले सांगत होता. एके ठिकाणी तो सवयीने म्हणाला, "आता डावा गुडघा टे…" आणि गप्प झाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. मग पुढचं सगळं जरा मोठ्याने म्हणाला.

"वडिलांचं नाव घ्या."

गुरुजींनी घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते नाव बसक्या आवाजात आलं. पहिला पिंड ठेवताना हात अपुरा पडला आणि तो दर्भाच्या बाहेर बसला. सोमनाथने तो हलकेच आत सरकवला.

देवव्रत दाराशी हात जोडून उभा होता. सोमनाथ गेल्यावर तो स्वयंपाकघरात आईला म्हणाला, "मी बसलो असतो ना खाली बाबांच्या ऐवजी. माझे गुडघे धड आहेत."

"वेडा आहेस का? बाप असताना मुलाने पिंड द्यायचे नसतात. तुझी वेळ येईल तेव्हा…" इंदिराबाई तिथेच थांबल्या. नळ मोठा सोडून त्यांनी खिरीचं पातेलं घासायला घेतलं.

भिंत पातळ होती. गुरुजींनी ते ऐकलं आणि त्यांना राग आला नाही.

त्यानंतर त्यांनी व्यायाम बंद केला. भांडण नाही, आदळआपट नाही. इंदिराबाई सकाळी पंच्याची गुंडाळी घेऊन आल्या तेव्हा म्हणाले, "नको मोजूस. कशासाठी मोजायचं?" इंदिराबाईंनी गुंडाळी परत उशाखाली ठेवून दिली. तेजश्री येऊन समजावून गेली की पंधरा दिवस पाय असाच ठेवलात तर मांडीची ताकद जाईल, मग जिनाही उतरता येणार नाही. गुरुजी म्हणाले, जिना उतरून जायचं कुठे? फ्रिजवरचा कागद त्यांनीच काढून पंचांगात घालून ठेवला. पितृपक्ष संपला, घट बसले, उठले. गुरुजी दिवाणावर पडून छताकडे बघत आणि विचारलं तर बरं आहे म्हणत. डावी मांडी उजवीपेक्षा बारीक दिसू लागली होती.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी देवव्रतने पंचांगातून तो कागद काढला.

"चला बाबा."

"कुठे?"

"कुठे नाही. पाय उचला. मी खालून धरतो, तुम्ही नुसता जोर लावा."

"देवा, राहू दे रे."

"आई मोजते तेव्हा नऊच होतात म्हणे."

स्वयंपाकघरातून इंदिराबाई म्हणाल्या, "दहा होतात. मी शेवटी एक घालते."

गुरुजींच्या ओठाचा कोपरा हलला. "तुला तरी येतात का दहा?"

"मुंजीतले दहापर्यंत आठवतात. पुढचे गेले."

मुंजीनंतर दोन वर्षं शिकून त्याने सोडून दिलं होतं. त्या गोष्टीवरून बापलेकांचं सहा महिने धड बोलणं नव्हतं. आता ते दोघांनाही आठवलं आणि दोघांनीही तिथेच ठेवलं.

दिवाण भिंतीला लागून होता आणि त्याच्या पायथ्याशी कपाट, त्यामुळे जागा अडचणीची होती. देवव्रत अंग चोरून खाली बसला. वडिलांची टाच त्याने दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतली. भार सावरायला त्याने एक गुडघा फरशीवर टेकवला. डावा.

गुरुजींची नजर आपसूक तिकडे गेली. तोंड उघडलं. "उ…" एवढं आलंही.

"दुखलं का?" देवव्रतने वर पाहिलं.

त्याला कळलेलं नव्हतं. बत्तीस वर्षांचा मुलगा, पुढचे केस विरळ होत आलेले, वडिलांच्या पायाशी बरोबर जसं बसायला हवं तसा बसला होता. हजारो यजमानांना बसवलं, खांदे दाबून बसवलं, पण इतकं नीट, न सांगता, कुणी बसलं नव्हतं.

"नाही," गुरुजी म्हणाले. "मोज तू."

पाय वर आला. मुलाच्या ओंजळीत टाच हलकी झाली.

"केशव," देवव्रत म्हणाला. "नारायण. माधव."

तो किंचित अडखळला. शाळेत, बँकेत, अर्जांवर त्याने हे नाव शेकडो वेळा सांगितलं असेल. पण बापाच्या तोंडावर, असं एकेरी, कधी घेतलेलं नव्हतं. मग त्याने ते घेतलं. मान खाली, स्पष्ट आणि सावकाश, लहानपणी शिकवलं होतं अगदी तसं.

"गोविंद."

गुरुजींचा उजवा हात चादरीवर पडलेला होता. तळवा वर, बोटं जराशी आत वळलेली. तो हात हळूच कलंडला, पळीभर पाणी ताम्हनात सोडावं तसा, आणि तसाच पालथा राहिला. त्याच वेळी पायातला जोर गेला.

"बाबा, सोडू नका," देवव्रत टाच सावरत म्हणाला. "अजून सहा आहेत."